कॅमेऱ्याचं पुराण बंद करा आता

अँड्रॉइड की आयफोन, हा विषय निघाला की गडी कॅमेऱ्यावरच अडकतात. फोटो चांगले येतात, मान्य. पण परभणीत मे महिन्यात पारा 40च्या वर जातो अन् अ‍ॅपल स्वतःच सांगते, आयफोन 0 ते 35 अंशांत वापरा. मग उन्हाळी पिकाची ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी अ‍ॅपवर पिकाची नोंद, बांधावर उभं राहून करायची कशी? अँड्रॉइडवाल्यांनीही हसू नये. त्यांचाही फोन तापला की रखडतो, स्क्रीन अंधारते.

सिमचा तर छळच आहे. गावात एका कंपनीची रेंज, शेतात दुसरीची. बहुतेक आयफोनांत सिमकार्ड एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच असलेलं सिम. स्वस्त अँड्रॉइडात दोन्ही बसतात, पण त्यातल्या बऱ्याच फोनांचे अपडेट दोन-तीन वर्षांत थांबतात, अन् पुढं कधीतरी बँकेचं अ‍ॅप चालायचं बंद होतं. गूगलनं 2023 मध्ये आपल्या पिक्सेल 8 या महागड्या फोनला 7 वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. दहा हजारांच्या फोनला असा शब्द कोण देतं? गरज तर त्यालाच जास्त आहे! शेतकरी काय दरसाल फोन बदलतो का?

अन् लाईट गेल्यावर बॅटरी रात्रीपर्यंत पुरते का, हे तर कुणी विचारतच नाही.