‘माझ्या पैशांनी दुसऱ्याचं दुखणं का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘भावना भरपूर, आकडे शून्य’ असा शेरा तुम्ही जाता जाता मारलात. तेव्हा या वेळी आकडे येतील, आणि मग उत्तर रूक्ष झालं म्हणून तक्रार करू नका.

बाकीच्या वाचकांसाठी वाद थोडक्यात सांगतो. मी म्हटलं होतं की आरोग्यविम्याचा पैसा प्रत्येकाच्या कमाईच्या प्रमाणात गोळा व्हावा आणि ज्याच्या त्याच्या आजाराप्रमाणे खर्च व्हावा. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘मी सिगारेट ओढत नाही, दारू पीत नाही, रोज पळतो. जो सारखे अपघात करतो त्याला गाडीचा विमा महाग पडतो, मग शरीराला वेगळा न्याय का? शिवाय फुकट मिळालं की लोक उगाच डॉक्टरकडे धावतात. द्यायचंच असेल तर कंपन्यांनी द्यावं, त्यांना परवडतं. करदात्याच्या खिशात हात कशाला?’

कंपन्यांपासून सुरुवात करतो, कारण हा गैरसमज माझ्याशी नव्वद टक्के सहमत असणाऱ्यांचाही असतो. मालकाच्या वहीत तुमचा पगार आणि तुमच्या विम्याचा हप्ता एकाच खात्यावर पडतात: या माणसावर होणारा एकूण खर्च. हप्ता वाढला की पुढची पगारवाढ आक्रसते. अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांचा 1994 सालचा एक अभ्यास यावर आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी मालकांकडून मिळणाऱ्या विम्यात बाळंतपणाचा खर्च सक्तीने घालायला लावला. ज्यांना ही सोय लागू होणार होती, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या विवाहित स्त्रिया वगैरे, त्यांचेच पगार जवळजवळ त्या सोयीच्या किमतीइतके मागे राहिले. सोय मिळाली, आणि तिचं बिल पगाराच्या पाकिटातून वळतं झालं.

मुळात मालकाने विमा द्यायचा ही अमेरिकी पद्धत कुणी विचार करून आखलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात महागाई आवरायला 1942 मध्ये तिथे पगारांवर बंधन आलं. कारखान्यांना माणसं हवी होती आणि पगार वाढवता येत नव्हते, पण विम्यासारख्या सोयी त्या बंधनातून सुटल्या होत्या. मग त्याच आमिषाने माणसं ओढली गेली. पुढे 1954 च्या करकायद्याने पक्कं केलं की मालकाने भरलेल्या हप्त्यावर कामगाराने आयकर देऊ नये. आता इथे करदात्याचा खिसा शोधा! सरकारने सोडून दिलेला हा कर कुणीतरी दुसरीकडून भरतोच. त्यात ज्याचा पगार मोठा त्याचा कराचा टप्पा वरचा, म्हणून त्याला सवलतही मोठी. तुम्ही ज्या व्यवस्थेला ‘कंपनीने दिलं’ म्हणता, त्यात सरकारी तिजोरी गुपचूप बसलेली असते आणि ती वरच्या पगारवाल्याला जास्त देते.

जर्मनीतही हीच ओढाताण पाहता येते. चान्सलर बिस्मार्कच्या 1883 च्या आरोग्यविमा कायद्यात हप्त्याचे दोन हिस्से कामगाराचे आणि एक मालकाचा होता. आज मूळ दर पगाराच्या 14.6 टक्के आहे, तो दोघांत निम्मा निम्मा. मध्यंतरी 2005 पासून काही भार एकट्या कामगारावर टाकला होता. त्यावर बरीच वर्षं भांडण चाललं आणि 2019 मध्ये पुन्हा बरोबरी आणली. पगार लगेच हलत नाहीत, त्यामुळे पहिली काही वर्षं कुणाच्या नावावर किती टक्के याने फरक पडतो हे खरं. पण दहा वर्षांनी पाहिलं तर दोन्ही हिस्से एकाच माणसाच्या श्रमातून आलेले दिसतात.

बरं, कंपनीच्या विम्याची सगळ्यात वाईट गोष्ट पैशाची नाहीच. माणूस गंभीर आजारी पडतो, कामावर जाऊ शकत नाही, नोकरी जाते, नोकरीबरोबर विमाही जातो. छत्री नेमकी पावसात काढून घेतात. आणि ज्यांना मालकच नाही त्यांचं काय? शेतात राबणारे, घरकाम करणाऱ्या, आज इथे उद्या तिथे असे लोक जगातल्या कितीतरी देशांत बहुसंख्य आहेत. थायलंडने 2002 मध्ये अशा सगळ्यांना करातून पैसा घालून एका योजनेत आणलं. एका भेटीला तीस बाट, एवढंच रुग्णाने द्यायचं. मालकांची वाट पाहिली असती तर अजून पाहत बसले असते.

आता तुमची गाडी. गाडीच्या नुकसानीला एक छप्पर असतं, तिची किंमत. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर गेला की विमा कंपनी तेवढे पैसे देते, गाडी भंगारात जाते आणि फाईल बंद होते. माणसाच्या बाबतीत ही फाईल कुठे बंद करायची? शिवाय गाडी कितपत जपून चालवायची हे चालकाच्या हातात बरंचसं असतं. हृदयात छिद्र घेऊन जन्मलेल्या बाळाने कुठला सिग्नल तोडला होता? पहिल्या प्रकारचा मधुमेह, रक्ताचा कर्करोग, संधिवात यांच्या रुग्णांना विचारून पाहा, त्यांच्यातही रोज पळणारे होते.

आणि आजार सगळ्यांना थोडा थोडा वाटून येत नाही. अमेरिकेत एका वर्षाच्या एकूण वैद्यकीय खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग अवघ्या 5 टक्के लोकांवर होतो. सगळ्यात कमी खर्चाच्या निम्म्या लोकसंख्येचा वाटा मिळून 3 टक्क्यांच्या आसपास असतो. जोखमीप्रमाणे हप्ता लावायचा, म्हणजे ज्याच्यावर खर्च होण्याची शक्यता जास्त त्याला जास्त हप्ता, तर त्या 5 टक्क्यांतल्या ज्यांचा आजार आधीच माहीत आहे त्यांना असा आकडा सांगायचा, जो त्यांच्या सबंध वर्षाच्या कमाईच्याही पुढे जाईल. त्याला विमा म्हणण्यात अर्थ नाही, तो बिलाचा आगाऊ अंदाज झाला.

तुम्ही आज निरोगी आहात, म्हणून आज तुमचा हप्ता कमी असावा हे तुम्हाला सरळ वाटतं. पण वार्षिक पॉलिसी हे वर्षभराचंच वचन असतं. पुढच्या वर्षी तपासणीत काही निघालं की जोखमीच्या नियमाने तुम्ही दुसऱ्या रांगेत जाल, आणि तुमचं आजवरचं पळणं त्या रांगेत कुणी विचारणार नाही. खरी भीती आजाराची जेवढी, तेवढीच ‘महागडा ग्राहक’ असा शिक्का बसण्याची. या दुसऱ्या भीतीवर जोखमीच्या हप्त्यात काहीच इलाज नाही.

पळण्यावरून निघालंच आहे तर एक अभ्यास सांगतो, तुम्हाला आवडणार नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2008 मध्ये गणिती प्रारूप मांडून विसाव्या वर्षापासून मरेपर्यंतचा एका माणसावरचा सरासरी वैद्यकीय खर्च काढला. निरोगी राहणी असलेल्यांवर सुमारे 2,81,000 युरो, लठ्ठ लोकांवर 2,50,000 आणि धूम्रपान करणाऱ्यांवर 2,20,000. कारण साधं आहे. धूम्रपान करणारे लवकर जातात, आणि तुमच्यासारखे लोक नव्वदीपर्यंत जगून गुडघे, मोतीबिंदू, विस्मरण असं सगळं यथासांग करून घेतात. त्यात लवकर गेलेल्यांचं बुडालेलं काम किंवा घरच्यांचं दुःख धरलेलं नाही, त्यामुळे यावरून कुणी सिगारेट पेटवू नये. पण ‘मी चांगला वागतो, म्हणून मी निधीला स्वस्त पडतो’ हे गणित आयुष्यभराच्या हिशेबात टिकत नाही. तुम्ही फक्त नंतरचे महागडे आहात. त्या वयात तुमच्यासाठी भरणारे लोक आज शाळेत आहेत.

स्वतःचं स्वतः पाहा या तत्त्वाचं सगळ्यात शिस्तीचं उदाहरण सिंगापूर मानलं जातं. तिथे 1984 पासून प्रत्येक कमावत्याच्या नावे वैद्यकीय बचतीचं सक्तीचं खातं आहे. मोठ्या आजारांसाठी 1990 मध्ये विमा जोडला, पण जास्त वयाचे आणि आधीच आजारी असलेले त्यातून बाहेर राहत होते. अखेर 2015 मध्ये त्याच सिंगापूरने सर्व नागरिकांना, आजार असो वा नसो, जन्मभरासाठी सक्तीच्या विम्यात घेतलं. गंभीर आजार आधीपासून असलेल्यांनी दहा वर्षं 30 टक्के जादा हप्ता द्यायचा, बाकीचा भार सरकार आणि इतर विमाधारकांनी उचलायचा. तुमच्याशी वैचारिक नातं असलेला देशही इथवर आला.

सक्ती का, असं तुम्ही विचाराल. ऐच्छिक ठेवलं तर काय होतं याचा नमुना हार्वर्ड विद्यापीठात घडला. 1990 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी कर्मचाऱ्यांना विम्यासाठी ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. ज्याला उदार, म्हणजे जास्त सोयींची, योजना हवी त्याने वरचा फरक स्वतः भरायचा. तरुण आणि धडधाकट लोक स्वस्त योजनेत गेले. उदार योजनेत वयस्कर आणि आजारी उरले, तिचा हप्ता चढला, मग उरलेल्यांतले जरा बरे होते तेही निघाले. तीनेक वर्षांत ती योजनाच बंद करावी लागली. हे लोक अडाणी नव्हते. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतला होता. मात्र सक्ती म्हणजे दंडच असं नाही. अमेरिकेत विमा न घेणाऱ्याचा केंद्रीय दंड 2019 पासून शून्य झाला, तरी तिथली वैयक्तिक विम्याची बाजारपेठ कोसळली नाही, कारण हप्त्यावरच्या सरकारी अनुदानाने लोक आत राहिले. पुन्हा तोच करदाता, बघा.

फुकट मिळालं की लोक धावतात, या मुद्द्यावर मात्र तुमच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. रँड या संशोधन संस्थेने अमेरिकेत 1974 ते 1982 या काळात हजारो कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या विमा योजनांत वाटून प्रयोग केला. काहींना सगळं मोफत, काहींना एका मर्यादेपर्यंत 95 टक्के खर्च स्वतःचा. दुसऱ्या गटाने सुमारे 30 टक्के कमी खर्च केला आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत मोठा फरक पडला नाही. इथे तुमच्या बाजूचे लोक वाचायचं थांबवतात. पुढे असं आहे की लोकांनी अनावश्यक उपचार जेवढे टाळले तेवढेच आवश्यकही टाळले, कारण छातीतली कळ अपचनाची की हृदयाची हे घरी बसून कळत नाही. आणि गरीब व आधीच आजारी असलेल्यांमध्ये मोफत गटाचा रक्तदाब जास्त चांगला आटोक्यात राहिला. म्हणून थोडी रक्कम रुग्णाने द्यावी, तिला वर्षाची मर्यादा असावी, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांना ती लागू नसावी आणि अगदी गरिबाला ती माफ असावी, इथवर मी तुमच्याबरोबर येतो. त्यापुढे नाही. तसंही मोठा खर्च ऑपरेशन थिएटरात आणि अतिदक्षता विभागात होतो, आणि तिथे रुग्णाची हौस नसते, डॉक्टरचा सल्ला असतो. त्यावर लगाम हवा असेल तर रुग्णालयाला पैसे कशाप्रकारे मिळतात ते बदलावं लागेल. तो विषय वेगळा आणि बराच लांब.

राहिला करदात्याचा खिसा. कर नको, प्रत्येकाने आपला हप्ता भरावा, असं म्हणणाऱ्यांनी स्वित्झर्लंडकडे पाहावं. 1996 पासून तिथे विमा सक्तीचा आहे, मालकाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि एकाच भागात एकाच कंपनीची तीच योजना घेणाऱ्या प्रौढांचा हप्ता एकच. बँकेच्या संचालकाचाही तेवढाच आणि त्याच बँकेत फरशी पुसणाऱ्याचाही तेवढाच. हे चालावं म्हणून सरकारला कमी उत्पन्नाच्या लोकांचा हप्ता करातून भरावा लागतो, आणि असं साहाय्य घेणारे थोडेथोडके नाहीत, लोकसंख्येचा चौथा हिस्सा तरी आहेत. हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये असा प्रस्ताव जून 2024 मध्ये मतदानाला आला होता. मतदारांनी तो फेटाळला. त्यांचा निर्णय त्यांच्यापाशी. मला एवढंच दिसतं की सपाट हप्त्याची पद्धतही कराची कुबडी घेतल्याशिवाय उभी राहत नाही, आणि मग हप्ता ठरवायचा, अर्ज मागवायचे, उत्पन्न तपासायचं, अनुदान द्यायचं एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा कमाईच्या प्रमाणात सरळ वसूल करणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. निदान कोण किती देतोय ते दिसतं.

शेवटी, सिगारेट ओढणाऱ्याने जास्त द्यावं ही तुमची मागणी. मला ती मान्य आहे, फक्त ती विम्याच्या हप्त्यात नको. अमेरिकेच्या 2010 च्या आरोग्यविमा कायद्याने तंबाखू वापरणाऱ्यांना दीडपटीपर्यंत हप्ता लावायची मुभा दिली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की जिथे हा अधिभार जास्त होता तिथे धूम्रपान करणाऱ्यांनी विमाच कमी घेतला, आणि सिगारेट सोडण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. म्हणजे ज्याला पुढे फुप्फुसाचा डॉक्टर लागणार तोच बाहेर गेला. त्यापेक्षा पाकिटावर कर लावावा. प्रत्येक झुरक्यामागे वसूल होतो, खोटं बोलून चुकवता येत नाही, किंमत वाढली की ओढणं कमी होतं, आणि जमलेला पैसा थेट आरोग्यनिधीत टाकता येतो. या कराचा दर तुम्ही ठरवा, मी हरकत घेणार नाही.