हळद लाल झाली म्हणजे भेसळ नव्हे : त्या व्हिडिओबद्दल खुलासा

पंचवटीत आम्ही लोकांसाठी रसायनशास्त्राचे प्रयोग मांडले होते. तिथली एक छोटी क्लिप सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतेय. सोबत मजकूर : "सोडा टाकताच हळद लाल! बाजारातली हळद भेसळीची असल्याचं सिद्ध." हे खरं नाही. त्या टेबलावर मी स्वतः होतो.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. पीएच साधारण ८ च्या वर गेला, म्हणजे द्रावण अल्कधर्मी झालं, की कर्क्युमिन लालसर होतं. शुद्ध हळदीचंही हेच होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेही याच गुणावर. पुढे आम्ही त्यात लिंबू पिळलं आणि रंग पुन्हा पिवळा झाला. नेमका तोच भाग क्लिपमधून कापला गेलाय. खात्री करायची तर ओली हळद घरी किसा आणि त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाका. तीही लाल होईल.

भेसळीची काळजी मात्र रास्त आहे. हळदीत मेटॅनिल यलो (एक कृत्रिम पिवळा रंग) आणि लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि शिसं मुलांच्या मेंदूला फार घातक. पण ते सोड्याने कळत नाही, खात्रीसाठी प्रयोगशाळाच लागते. शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

कृपया ती क्लिप पुढे पाठवू नका. जिथे पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका. काही दुकानदारांना लोक विनाकारण जाब विचारताहेत.