‘तुरुंग नाही, सुधारगृह’ म्हणणाऱ्यांसाठी

कुंटणखान्यावर धाड पडल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरतो: ‘या बायकांना कोर्ट तुरुंगात नाही, सुधारगृहात पाठवतं. दोन वेळचं जेवण, शिवणकाम शिकवतात. यात अन्याय कसला?’ परवा माझ्या मावसबहिणीनेही तो पाठवला, म्हणून सविस्तर लिहिते.

‘तुरुंग नाही.’ देहविक्रयाच्या बाजाराला आळा घालणारा ‘पिटा’ (अनैतिक व्यापार प्रतिबंधक) कायदा उघडून बघा. गिऱ्हाईकाला खुणावल्याचा गुन्हा शाबीत झाला तर पहिल्या खेपेला बाईला जास्तीत जास्त 6 महिने कैद. पण कलम 10-अ खाली कोर्टाने कैदेऐवजी तिला ‘सुधारायचं’ ठरवलं, तर किमान 2 वर्षं, कमाल 5. त्याच गुन्ह्यासाठी पुरुषाला 7 दिवस ते 3 महिने. आणि धाडीत जिची ‘सुटका’ होते, जिच्यावर गुन्हाच नसतो, तिलाही कलम 17 खाली 1 ते 3 वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. बाहेरून कुलूप असलेल्या घराला कुठलंही नाव दिलं तरी आतल्या बाईला ते कुलूपच दिसतं.

‘तिच्या भल्यासाठीच ना?’ मग तिला कुणी विचारतं का? कायद्यातली चौकशी असते तिच्या चारित्र्याची, घरच्या वातावरणाची. आईबाप किंवा नवरा तिला ताब्यात घ्यायला लायक आहेत का, याची. मतदान करणाऱ्या, पोरं वाढवणाऱ्या बाईचा ‘ताबा’! घरी ‘मुंबईत साड्यांच्या दुकानात आहे’ असं सांगितलेलं असतं. चौकशीला माणूस दारात आला की सगळ्या आळीला कळतं. मग म्हातारी आई आधार कार्ड, रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोर्टाच्या व्हरांड्यात बसते, ही माझीच मुलगी हे सिद्ध करायला. आणि पुढची तारीख घेऊन परत जाते.

2019 च्या सप्टेंबरमध्ये मालाडला धाडीत तीन तरुणी सापडल्या. वयं 20, 22 आणि 23. माझगावच्या मॅजिस्ट्रेटांनी त्यांना आईकडे सोपवायला नकार दिला आणि वर्षभर ठेवण्याचा आदेश काढला. दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने तो कायम केला. 2020 च्या सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी दोन्ही आदेश रद्द केले: या कायद्यात देहविक्रय हा मुळात गुन्हा नाही, आणि सज्ञान बाईला हवं तिथे राहण्याचा हक्क आहे. निकाल चांगला लागला, पण तोवर वर्ष सरत आलं होतं.

‘शिवण शिकतात.’ शिकू द्या की, पण कोंडून कशाला? तेवढ्या काळात गावाकडच्या मुलाची फी कोण भरणार?

‘सोडलं तर दलालांचं फावेल.’ अल्पवयीन मुली आणि जबरदस्तीने आणलेल्या बायका यांच्याबद्दल वादच नाही, त्यांना बाहेर काढलंच पाहिजे. पण सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी राज्यांना सांगितलंय की संरक्षणगृहांची पाहणी करा आणि मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडा. दलाल आणि कुंटणखाना चालवणारे यांच्यासाठी कलम 3 ते 6 आहेत. पोलिसांनी ती लावावीत. ज्या बाईला स्वतःहून आसरा हवा आहे, ती कलम 19 खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते. मावसबहिणीला मी ते कलम पाठवलंय.