आठवड्याची सूचना शनिवारी द्या, आणि एकदाच द्या

प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला पुढच्या आठवड्यात काय-काय आहे ते शनिवारी, एका पानावर, एकदाच कळलं पाहिजे. काम कुठलं, कुणाकडे, कधीपर्यंत, एवढं त्यात असलं की पुरे. मग सोमवार ते शुक्रवार त्याचं लक्ष वर्गात राहू द्यावं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका म्हणून हे मी जबाबदारीने लिहितेय. माझ्या शिक्षक भावाबहिणींनी आणि आमच्या अधिकारी मंडळींनीही वाचावं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आत्ता काय चाललंय? परिपाठ सुरू असतानाच मोबाईल वाजायला लागतो. केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा वेगळा, शिष्यवृत्तीचा वेगळा, निपुणचा, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचा आणखी वेगळा. "तात्काळ." "आज दुपारी दोनपर्यंत विहित नमुन्यात." "माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे." दुपारी 'अप्राप्त', म्हणजे माहिती न आलेल्या शाळांची यादी पडते आणि त्यात आपल्या शाळेचं नाव दिसलं की हातातला खडू खाली ठेवावा लागतो. शाळा द्विशिक्षकी असेल तर एक शिक्षक लिंक भरत बसतो आणि चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. पहिलीचं पोरगं पाटीवर 'क' काढून दाखवायला आलेलं असतं. बाई म्हणतात, "थांब बाळा, एवढं पाठवते." ते थोडा वेळ टेबलापाशी उभं राहतं, मग जागेवर जाऊन बसतं. त्या दिवशी ते परत पाटी घेऊन येत नाही. हे मी अनेक शाळांत बघितलंय आणि दर वेळी जीव तुटतो.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय. शिक्षकाचा आठवडा 45 तासांचा, आणि त्यात पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. माहिती भरणं हे शाळेचंच काम आहे, ते करायलाच हवं, त्याबद्दल माझा वाद नाही. पण 800 तासांना रोजचे चार तास येतात, आणि त्या चार तासांत दहा-दहा मिनिटांची भोकं पडत गेली तर ते भरून कुठून काढायचे?

पूर्वी प्रत्येक शाळेत सूचना वही असायची. मुख्याध्यापक हाताने सूचना लिहायचे, खाली तारीख आणि सही. चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी ती वही घेऊन वर्गावर्गात फिरायची आणि प्रत्येक शिक्षक वाचून सही करायचा. जो रजेवर असेल तो दुसऱ्या दिवशी वाचायचा. त्यात एक शिस्त होती. लिहिणाऱ्याला आधी विचार करावा लागायचा, कारण दिवसातून दहा वेळा वही फिरवता येत नाही. आमच्या शाळेत ती वही मी पुन्हा सुरू केली आहे. शुक्रवारी संध्याकाळी पान लिहिते, शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळे पंधरा मिनिटं एकत्र बसतो, मोठ्याने वाचतो, ज्याला जे जमणार नाही ते तिथंच बोलतो. त्याच पानाचा फोटो आमच्या शाळेच्या ग्रुपवर जातो. आठवडाभर दुसरी सूचना नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या पानावर काय असतं, सांगते. सोमवारी लोहाच्या गुलाबी गोळ्या, जेवणानंतरच, उपाशीपोटी नको. जी मुलं नुकतीच तापातून उठलीत त्यांना आधी घरी विचारल्याशिवाय देऊ नका. 26 तारखेला शाहू जयंती. भाषणं तिसरी-चौथीची, पण या खेपेला जी मुलं एरवी मागे उभी राहतात त्यांनाच पुढं घ्या. आधार जुळत नसलेल्या मुलांची नावं वर्गशिक्षकाने गुरुवारपर्यंत द्यायची. तिसरीच्या वर्गात गळतंय, पाऊस लागला की खिडकीकडची ओळ आत सरकवा. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची मुलं कोण, त्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा. पाणी वाढायला लागलं की त्यांना आधी सोडायचं आणि सोबत मोठं माणूस पाहिजे. एवढंच. अर्ध्या पानाच्या वर जात नाही.

काही गोष्टी या पानावर कधीच येता कामा नयेत. कुणाच्या घरात मयत झालीय, कुणाचा बाप दारू पिऊन मारतो, कुठल्या मुलीची आई घर सोडून गेलीय, हे वर्गशिक्षकाला बाजूला घेऊन सांगायचं. ग्रुपवर नाही, वहीतही नाही.

आणि पानात पोषण आहाराच्या मावशींना धरा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मावशी कुठल्या ग्रुपवर नसतात. केंद्राच्या क्रीडा स्पर्धेला तीस मुलं जाणार हे त्यांना त्या दिवशी सकाळी, तांदूळ धुऊन झाल्यावर कळतं. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे तीन किलोचा भात उरला. शनिवारी मावशी आमच्याबरोबर बसायला लागल्यापासून हा प्रश्न संपला. उलट त्या आम्हालाच सांगतात, अमुक पोरगं दोन दिवस ताटात तसंच ठेवतंय, बघा जरा. हे आम्हा शिक्षकांच्या नजरेतून सुटलेलं असतं.

एक अपवाद आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाला तो सांगावा लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्राबाहेर पडते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 चे पूर आपण सगळ्यांनी बघितलेत. शाळेला सुट्टी आहे की नाही, हा निरोप रात्री येऊ दे, पहाटे येऊ दे, तो त्याच क्षणी पोचलाच पाहिजे. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथंच आहे. दिवसभर प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर "तात्काळ" लिहिलं जातं, तिथं खरा तात्काळ निरोप शुभेच्छांच्या आणि तक्त्यांच्या खाली गाडला जातो. सकाळी पालक फोन करतात, "बाई, शाळा हाय का आज?" आणि शिक्षक ग्रुपमध्ये वर-खाली शोधत बसतो. पाऊस आणि मुलांची सुरक्षितता यासाठी एक वेगळा ग्रुप ठेवा, त्यावर दुसरं काहीही टाकू नका, आणि त्याचा आवाज कधी बंद करू नका. बाकी सगळे ग्रुप शाळेच्या वेळेत मुके ठेवायला काही हरकत नसावी.

आता अधिकारी मंडळींना आदरपूर्वक. केंद्रप्रमुखांची ओढाताण मला दिसते, त्यांनाही वरून तसंच येतं. वरून आठ दिवसांची मुदत निघते, प्रत्येक टप्प्यावर एखादा दिवस राखून ठेवला जातो आणि शाळेपर्यंत येताना उरतो अर्धा दिवस. पण यातलं बरंचसं आधीच माहीत असतं. यूडायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीला 30 सप्टेंबरची पटसंख्या लागते, हे जूनमध्येच ठाऊक असतं. जंतनाशक गोळ्या, संकलित चाचण्या, स्नेहसंमेलन, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा, कशाचीच तारीख आभाळातून पडत नाही. केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत पुढच्या चार आठवड्यांचा तक्ता हातात दिला, तर निम्मे मेसेज बंद होतील.

शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, त्या काळचा एक रुपया. मूल वर्गात यावं म्हणून या मातीने एवढी धडपड केली. आज ते मूल दप्तर घेऊन वेळेवर येतं. त्याच्यासमोर बसलेल्या गुरुजींची नजर त्याच्यावर असावी, एवढीच माझी मागणी आहे.

केंद्रप्रमुख साहेबांना एकच विनंती. पुढच्या आठवड्यात शाळांकडून जी माहिती लागणार आहे ती शुक्रवारी दुपारी चारपर्यंत एका मेसेजमध्ये कळवा. शनिवारी आमच्या वहीत ती येईल, आणि ठरलेल्या दिवशी तुमच्याकडे भरून पोचेल.