साबण राहू द्या, आधी बॉक्स आणा

तर ठरलंय ना तुमचं, यंदाच्या दिवाळीत हॅण्डमेड साबणाचा स्टॉल लावायचाच. उत्तम. सोसायटीच्या ग्रुपवर चार जणींनी "वॉव किती क्यूट, विकायला का नाही ठेवत गं" असं लिहिलं म्हणजे मार्केट रिसर्च झाला, अजून काय हवं. त्या चौघींना साबण तुम्ही फुकट वाटला होता हा मुद्दा मध्ये आणू नका, उगाच उत्साह जातो.

आता पहिली गोष्ट, साबण बनवण्याच्या फार नादी लागू नका. खरा कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता केलेला, साबण करायचा म्हणजे भलता व्याप आहे. प्रत्येक तेलाला कॉस्टिक सोडा वेगळा लागतो, खोबरेलाला जास्त, ऑलिव्हला कमी, तो ग्रॅमच्या काट्यावर मोजायचा, शिवाय सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं तर पातेलंही गेलं आणि साबणही, म्हणून स्टील. हातमोजे, गॉगल, खिडक्या उघड्या, पोरं बाहेर. आणि एवढं करून वड्या कापल्या की चार ते सहा आठवडे नुसत्या फळीवर वाळत ठेवायच्या. म्हणजे दिवाळीत विकायचा साबण गणपतीच्या आसपास घालायला हवा, आणि त्या दिवसांत तुम्ही मोदक करणार का साबण, तेवढं सांगा मला. त्यात पाऊस, त्यात हवा दमट, वडी वाळता वाळत नाही.

निसर्गातलं काहीतरी घालायची हौस असेल तर तीही करून बघा. हळद घाला. कुंकू कसं होतं माहितीये ना, हळदीला चुना लागला की लाल, तसंच इथे सोडा लागतो आणि तुमचा "हळद-चंदन" साबण पिवळा सोडून विटकरी निघतो. वरून गुलाबाच्या पाकळ्या पेरल्यात तर त्या काळपट पडतात, लॅव्हेंडरची फुलं पेरलीत तर महिन्याभरात ती थेट उंदराच्या लेंड्यांसारखी दिसायला लागतात. गिऱ्हाईक बघतं आणि वडी अलगद खाली ठेवतं. काही बोलत नाही, सुसंस्कृत असतं.

त्यापेक्षा तयार बेस, म्हणजे कारखान्यात बनलेला वितळवायचा साबण, आणा ना! किलोकिलोने मिळतो, तुकडे करा, मायक्रोवेव्हमध्ये वितळवा, रंग टाका, वास टाका, सिलिकॉनच्या साच्यात ओता, संध्याकाळपर्यंत पन्नास वड्या. हॅण्डमेडच आहे की, हातानेच ओतलात. फक्त त्यातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे ठाण्या-डोंबिवलीच्या हॉलमध्ये दुपारी दोनला तुमच्याआधी साबणाला घाम फुटतो. प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून ठेवला असता तर फुटला नसता, पण मग लोकांनी वास कसा घेतला असता? कोणी विचारलं तर म्हणा, मॉइश्चरायझिंग आहे.

असो. साबण हा या धंद्यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे, खरा माल म्हणजे बॉक्स. पुण्यात असाल तर बोहरी आळी, मुंबईत असाल तर क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्या, एक दिवस काढा आणि मनसोक्त हिंडा. खिडकीवाला बॉक्स घ्या, सोनेरी रिबन घ्या, आणि त्या रंगीत कागदाच्या चिंध्या तर पोतंभर घ्या, कारण दोन साबणांच्या बॉक्सला भरल्यासारखं दाखवायचं काम त्याच करतात. आत एक पणती, एक मेणबत्ती, लूफाचा तुकडा, उटण्याची एवढीशी पुडी आणि "मेड विथ लव्ह"चं कार्ड. झाला गिफ्ट सेट. यात साबण विसरून राहिला तरी कोणाच्या लवकर लक्षात येणार नाही, कारण हा सेट घेणारा तो वापरणार नसतोच, तो दुसऱ्याला देणार असतो, आणि तो दुसराही तिसऱ्याला. संक्रांतीपर्यंत तो सेट अर्ध्या शहराचा प्रवास करतो आणि मग कुठेतरी हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटला जातो. आंघोळ कुणाचीच होत नाही. म्हणून म्हणते, साबणाला फेस येतो का वगैरे प्रश्नांनी झोप घालवू नका.

मागे बॅनर लावा, "१००% केमिकल फ्री". हो, कॉस्टिक सोड्याशिवाय साबण होतच नाही, हे मला माहितीये, तुम्हालाही माहितीये. माप बरोबर असेल तर तो तेलाशी मिळून संपतो आणि तयार वडीत उरत नाही, हेही खरंय, पण एवढं बॅनरवर मावत नाही. तुमच्यासारख्या बेस वापरणाऱ्यांचा तर प्रश्नच मिटला, तिथे केमिकल आधीच कारखान्यात होऊन गेलेलं असतं. अडचण एकच, प्रत्येक प्रदर्शनात एक रिटायर्ड काका येतात. ते चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "टीएफएम किती?" म्हणजे साबणात एकूण स्निग्धांश किती. त्यांना पाठ असतं, टॉयलेट सोपचा ग्रेड एक म्हणजे किमान ७६ टक्के, ग्रेड दोन ७०, ग्रेड तीन ६०, आणि बेदिंग बार ही जात वेगळीच. "काका, आमचा ऑरगॅनिक आहे," असं म्हणून चालत नाही, ते "अहो पण टीएफएम?" असं पुन्हा विचारतात, तोवर मागे गर्दी जमते आणि मग गर्दीही टीएफएम विचारायला लागते. काकांना चहा मागवा.

आणि हो, ते परवान्याचं कोणी काढलंच तर विषय बदला. साबण कॉस्मेटिकमध्ये येतो, विकायला बनवायचा तर औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा १९४० चा कायदा आणि त्याखालचे २०२० चे नियम, राज्याच्या एफडीएचं लायसन्स, लेबलवर वजन, किंमत, तारीख, पत्ता. एवढं वाचून काही जणी खरंच कागदपत्रं करायला बसतात, मग त्यांचा या वर्षीचा स्टॉल हुकतो आणि पुढच्या वर्षी तो धंदा होतो. तुम्हाला धंदा थोडाच करायचाय, तुम्हाला पॅशन फॉलो करायचंय.

आता स्टॉल. आयोजक सांगतील, "फुटफॉल जबरदस्त असतो मॅडम." असतो, खोटं नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, एक प्लग पॉइंट, पंखा शेजारच्याच्या दिशेने. तुम्हाला जागा मिळेल ती चकली-चिवड्याच्या स्टॉलला खेटून, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तुमच्या मोगऱ्याच्या साबणाला लसणाचा वास आणि त्यांच्या चिवड्याला मोगऱ्याचा. सकाळी अकरापर्यंत भवानी होत नाही. मग येतात त्या नाकं घेऊन येतात. एकेक वडी उचलायची, डोळे मिटून हुंगायची, "अय्या, हा कुठला? आणि हा?" असं करत टेबलावरच्या सगळ्या वड्या हुंगून झाल्या की "मी एक राउंड मारून येते हं." तो राउंड अजून चालू आहे. कपकेकच्या आकाराचा साबण ठेवला असेल तर त्याला एखादं पोर चावणारच, ते रडणार, आई तुमच्याकडे बघणार, तुम्ही सॉरी म्हणा. चावलेल्या साबणाचे पैसे कोणी देत नसतं.

"घरी कशी करायची हो ही वडी?" असं विचारणाऱ्यांना सगळं सविस्तर सांगा, बेस कुठे मिळतो, साचे कुठे, सुगंध किती थेंब. पुढच्या वर्षी त्यांचा स्टॉल तुमच्यासमोर असेल, ओळखीचं माणूस असलेलं बरं.

किमतीवर घासाघीस होणार. "एवढ्याशा वडीचे १२० रुपये? दुकानात चार येतात." येतात ना, चारावर एक फ्रीसुद्धा. कोणी म्हणेल आमच्याकडे पहिल्या आंघोळीला मोतीच लागतो, ह्यांना दुसरा चालत नाही. इथे वाद घालू नका, त्या गोल वडीशी अख्ख्या महाराष्ट्रातल्या पहाटेच्या आठवणी चिकटल्यात, तुमच्या चारकोल डीटॉक्सने त्या निघणार नाहीत. एखादी पेपर वाचणारी निघेल, "साबणावरचा जीएसटी १८ चा ५ झाला ना २२ सप्टेंबर २०२५ ला, मग कमी करा की." तुमची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेच्या आसपासही नाही, तुम्ही जीएसटी लावतच नाही, हे समजावण्यापेक्षा दहा रुपये कमी करा, दोघींनाही बरं वाटतं.

हिशोबाचं म्हणाल तर तो करताना एक पथ्य पाळा. बेस, सुगंध, बॉक्स, रिबन, रिक्षा, सगळं धरा, तुमची मेहनत धरू नका. समजा एका वडीमागे साठ रुपये सुटतात आणि दोन दिवसांचं भाडं चार हजार, तर ६७ वड्या विकल्या की भाडं निघतं आणि अडुसष्टावी वडी ही तुमची कमाई, त्यातून दुपारचा वडापाव आणि चहा वजा. रात्री दोनपर्यंत रिबनची फुलं केलीत, नवऱ्याला आणि सासूबाईंना लेबलं चिकटवायला बसवलंत, दोन दिवस उभ्याने पाय सुजले, हे खर्चात धरायला लागलात तर वडी अडीचशेला जाईल आणि मग तुम्ही स्वतःच ती विकत घेणार नाही. म्हणून मेहनत "आवड" या खात्यात टाकायची. पेमेंटचा स्पीकर दर अर्ध्या तासाने "एकशे दहा रुपये प्राप्त झाले" असं खणखणीत सांगतो, त्या आवाजावर दिवस निघतो. आणि कोणी विचारलं कसं झालं प्रदर्शन, तर "रिस्पॉन्स छान होता." विक्री किती हे विचारत नाही कोणी, विचारलं तर "ऑर्डरी येतायत."

एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकापासून मात्र सांभाळून राहा. ती शक्यतो रविवारी संध्याकाळी येते, तुम्ही आवरायला घेतलेलं असतं तेव्हा. हुंगत नाही, फोटो काढत नाही. सरळ विचारते, "गेल्या वर्षी तुमच्या घरून खोबरेलाचा साधा साबण नेला होता, त्याने आमच्या ह्यांची खाज थांबली, तसे दहा द्या, बॉक्स नको." आता काय करणार तुम्ही? तो साबण वेळखाऊ म्हणून यंदा केलाच नाहीत, टेबलावर आहेत ते सगळे घाम फुटलेले कपकेक, आणि जे काही बरं आहे ते सोनेरी रिबन बांधून आत चिंध्यांवर बसलंय. ती पिशवी उघडून उभी. भाव केलेला नाही तिने, पैसे हातात काढून ठेवलेत.

तिला सांगा, सुटा नाही मिळणार, सेटच घ्यावा लागेल.