‘८५ एमएमला +१२ टाका’ म्हणे! एएफ फाइन-ट्यूनचा तो व्हायरल तक्ता

‘कॅमेरा कंपन्या तुमच्यापासून लपवतात ती एक सेटिंग’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या फोटोग्राफीच्या ग्रुपांमधून फिरतोय. लिहिणारा कोण ते कुणाला ठाऊक नाही, पुढे ढकलणारे मात्र भरपूर. दावे थोडक्यात असे: नवा कॅमेरा हातात आला की प्रत्येक लेन्सचं एएफ फाइन-ट्यून (ऑटोफोकस नेमक्या जागी बसावा म्हणून मेनूत आकडा भरून तो थोडा पुढे-मागे सरकवणं) करायलाच हवं, टेबलावर तिरकी पट्टी ठेवून एक फोटो काढला की काम झालं, तेवढाही वेळ नसेल तर खालच्या तक्त्यातला आपल्या लेन्सचा आकडा मेनूत भरून टाका, एकदा भरला की आयुष्यभर बघायला नको, आणि मिररलेसला, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यालाही हेच लागू.

एरवी मी असल्या मेसेजकडे काणाडोळा करतो. पण माझ्या भाचीने तक्त्यातला आकडा भरून मैत्रिणींचे पोर्ट्रेट काढले आणि मग ‘मामा, माझी लेन्स बिघडली का रे?’ म्हणून विचारायला आली. लेन्स ठणठणीत होती. एफ १.८ वर, म्हणजे अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) खूप मोठं उघडून काढलेल्या फोटोंत पापण्या धूसर, आणि कानातल्याच्या खड्याचे पैलू मात्र मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. डोळ्यावर धरलेला फोकस कानावर जाऊन बसला होता. मेनू उघडून बघितलं तर ८५ एमएमच्या लेन्ससमोर +१२. शून्यावर आणलं, फोकस परत डोळ्यावर आला.

म्हणून आधी तक्त्याचाच समाचार घेतो. मेसेजमधल्या बाकीच्या चुकांनी वेळ जातो, या चुकीने फोटो जातात.

डीएसएलआरच्या, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या खिडकीतून) फोकस करताना फोकस मुख्य सेन्सरवर ठरतच नाही. पुढचा आरसा अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार गेलेला थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि तिथून बॉडीच्या तळाशी बसवलेल्या एएफ मॉड्यूलकडे, म्हणजे ऑटोफोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे वळतो. लेन्सच्या माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कडीपासून) या मॉड्यूलपर्यंत प्रकाशाला पडणारं अंतर आणि माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर सारखं असलं पाहिजे. मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक पडला तरी एफ १.८ वर तो दिसतो. बॉडी बनवताना अशी थोडी तफावत राहते, लेन्स बनवताना तिची वेगळी राहते. फाइन-ट्यूनचा आकडा या दोन तफावतींची एकत्र भरपाई करतो. म्हणजे तो या बॉडीवरच्या या लेन्सचा आकडा. तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर चढवली की आकडा बदलू शकतो, आणि त्याच मॉडेलची दुसरी लेन्स आणली तरी बदलू शकतो. तक्ता बनवणाऱ्याच्या कॅमेऱ्यात +१२ लागत असेलही. तुमच्यात −४ लागेल, किंवा बहुधा काहीच लागणार नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका, निकॉनचं मॅन्युअल उघडा. लेन्सचा आकडा साठवताना तिला ओळख म्हणून सीरियल नंबरचे शेवटचे दोन अंक द्या, असं त्यात उदाहरणच दिलंय. का, तर एका प्रकारच्या एकाच लेन्सला साठवलेला आकडा वापरता येतो, आणि त्याच मॉडेलच्या दोन लेन्स असतील तर कुठला आकडा कुणाचा हे कळायला हवं. आता सांगा, मॉडेलवरून आकडा ठरत असता तर सीरियल नंबरची भानगड कशाला? कॅननच्या ५डी मार्क ३ मध्येही या स्क्रीनवर लेन्सचा सीरियल नंबर येतो, तो याच कारणासाठी. शिवाय आकडा एका पायरीने बदलला की फोकस किती सरकेल हे लेन्सच्या सर्वांत मोठ्या अॅपर्चरवर अवलंबून असतं, असं कॅनन स्वतःच सांगतं. म्हणजे एफ १.४ च्या लेन्सवरचे पाच आणि एफ ४ च्या लेन्सवरचे पाच हे सारखे पाच नव्हेतच.

तक्त्यात ७०-२०० झूमलाही एकच आकडा आहे. त्याच ५डी मार्क ३ मध्ये झूमसाठी वाइडचा (रुंद टोकाचा) आणि टेलीचा (लांब टोकाचा) असे दोन वेगळे आकडे भरता येतात. सिग्माचा यूएसबी डॉक (लेन्स संगणकाला जोडून तिच्या सेटिंग बदलायचं उपकरण) तर त्याला चालणाऱ्या झूम लेन्सला चार फोकल लेंथ (लेन्सचा एमएममधला आकडा) गुणिले चार अंतरं, असे १६ आकडे देतो. आणि हे महाशय एका ओळीत मोकळे!

आता ‘कंपन्या लपवतात’. कॅननने ही सोय २००७ मध्ये १डी मार्क ३ बरोबर आणली, निकॉनने त्याच वर्षी डी३ आणि डी३०० बरोबर. दोघांनीही ती मेनूत ठेवली आणि मॅन्युअलमध्ये छापली. लपवण्याची ही तऱ्हा भलतीच उघडी म्हणायची. त्याच मॅन्युअलमध्ये निकॉन म्हणतं की बहुतेक परिस्थितीत हे ट्यूनिंग करू नये, त्याने नेहमीच्या फोकसमध्येच अडथळा येऊ शकतो, गरज असेल तरच करा. कॅननची सूचनाही याच आशयाची. ‘प्रत्येक लेन्सला करायलाच हवं’ हा दावा इथेच निकालात निघतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सचं उदाहरण घ्या. क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५५ एमएम, एफ ५.६, माणूस २ मीटरवर: साधारण ३० सेंटिमीटर खोलीचा पट्टा शार्प दिसतो. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) ८५ एमएम, एफ १.८, तेवढ्याच अंतरावर हा पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटरचा. पहिल्या लेन्सवर दोन-तीन पायऱ्यांचा फरक शोधत बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा.

दुसऱ्या लेन्सच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याला अर्धा गुण द्यावा लागेल, नाइलाज आहे. मोठ्या अॅपर्चरच्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स आणि लांबचं जवळ आणणाऱ्या टेली लेन्स डीएसएलआरवर खरंच कधीकधी फ्रंट फोकस (हव्या जागेच्या पुढे) किंवा बॅक फोकस (मागे) करतात, आणि नीट केलेल्या फाइन-ट्यूनने चांगला फरक पडतो. टेलीकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारी मधली जोडलेन्स) लावला तर ती जोडी वेगळी धरून पुन्हा तपासावी लागते, हेही खरं. सोय उपयोगाचीच आहे. नीट केली तर.

आणि नीट म्हणजे तिरक्या पट्टीवर एक फोटो नव्हे. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा एएफ पॉइंटची खरी जागा बरेचदा मोठी असते. तिरक्या पट्टीवर त्या जागेत जवळचे आकडेही येतात आणि लांबचेही. कॅमेरा त्यातला ठळक दिसेल तो पकडतो आणि तुम्ही लेन्सला दोष देता. फोकसचं लक्ष्य सेन्सरला समांतर, सपाट आणि ठळक काळं-पांढरं हवं. तिरकी पट्टी त्याच्या शेजारी ठेवा, फक्त वाचायला. अंतर आपण एरवी जितक्यावरून फोटो काढतो तेवढं. काही अंदाज नसेल तर फोकल लेंथच्या ५० पट हा प्रचलित ठोकताळा धरा, म्हणजे ८५ एमएमला सव्वाचार मीटर. मेसेजमध्ये ‘लेन्स जितकी जवळ जाईल तितकी न्या’ असं आहे. मग तो आकडा तेवढ्या अंतरापुरताच. ट्रायपॉड हवा, अॅपर्चर पूर्ण उघडं, मधला एकच पॉइंट, आणि भरपूर उजेड. पिवळ्या बल्बखाली तर हे करूच नका, प्रकाशाच्या रंगानेही एएफचा निकाल थोडा सरकतो.

सगळ्यांत महत्त्वाचं, एका फोटोवर निकाल लावायचा नाही. एएफ दर वेळी अगदी त्याच जागी थांबत नाही. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा, एकदा अनंताकडून, एकदा जवळून, आणि आठ-दहा फोटोंचा कल बघा. ताडून बघायला लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं, आहेच. तिथे फोकस थेट सेन्सरवरून ठरतो, त्यामुळे आरशाची तफावत मध्ये येत नाही. निकॉनने २०१६ मध्ये डी५ आणि डी५०० ला दिलेलं स्वयंचलित फाइन-ट्यून याच तत्त्वावर चालतं, आणि तेसुद्धा चार वेळा केलं की आकडा थोडा इकडेतिकडे येतो. मग एका फोटोतून काढलेल्या आकड्याची काय कथा!

‘आयुष्यभर बघायला नको’ यावर फार बोलण्यासारखं नाही. कॅमेरा आपटला, माउंट सैल झालं, बॉडी किंवा लेन्स सर्व्हिसला जाऊन आली, की जुना आकडा रद्द. सर्व्हिसमध्ये तफावत काढून टाकली आणि मेनूत जुना +१२ तसाच राहिला, तर दुरुस्त कॅमेरा तुम्हीच पुन्हा बिघडवलात.

मिररलेसचा दावा तर हवेतच आहे. तिथे आरसा नाही, वेगळं मॉड्यूल नाही, फोकस सेन्सरवरच ठरतो. निकॉनच्या झेड६, झेड७ मध्ये हा मेनू दिसतो म्हणून त्याला हात लावायलाच हवा असं नाही. सोनीच्या ई-माउंट कॅमेऱ्यांत ही सेटिंग एलए-ईए२ आणि एलए-ईए४ या अडॅप्टरवर ए-माउंट लेन्स लावल्या तरच कामाची, कारण त्या अडॅप्टरच्या पोटात अर्धपारदर्शक आरसा आणि स्वतंत्र एएफ मॉड्यूल आहे.

ज्यांनी तक्त्यातले आकडे आधीच भरलेत त्यांनी फाइन-ट्यून बंद करावं आणि साठवलेली यादी पुसावी. मग एकाच लक्ष्याचे काही फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि काही लाइव्ह व्ह्यूमधून काढून शेजारी-शेजारी मोठे करून बघावेत. दोन्ही सारखे आले तर मेनू बंद. फरक दिसलाच तर वरच्या रीतीने आकडा शोधा. तो +१५ किंवा −१५ च्या पुढे जायला लागला, तर मेनूशी झटापट थांबवा आणि बॉडी व लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्या. एकटी लेन्स पाठवलीत तर ते ती त्यांच्या बॉडीवर तपासतील आणि ‘लेन्स उत्तम आहे’ म्हणून परत करतील.