आरसी ३९० चे टायर : ‘पेन्शनर सल्ल्या’वर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. निनावी प्रतिक्रिया मी सहसा वाचून सोडून देतो. पण तुम्ही लेख नीट वाचून भांडताय, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. केटीएमच्या आरसी ३९० या स्पोर्ट बाइकचे मूळचे टायर झिजले, आणि गाडी रोज ऑफिसला, सुट्टीला घाटात, पावसाळ्यात कोकणात अशी फिरत असेल, तर स्पोर्ट-टूरिंग जातीचे, म्हणजे रोजच्या आणि लांबच्या रस्त्यासाठी केलेले टायर घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हा पेन्शनरांचा सल्ला झाला. स्पोर्ट बाइकला रेसवाले वापरतात तसलं मऊ कंपाउंडच (रबराचं मिश्रण) पाहिजे. मागे १५० मिलिमीटर रुंदीच्या ऐवजी १६० चा टायर टाकला की ग्रिप वाढते. आणि तसला सेट एक दुकानदार तुम्हाला निम्म्या भावात देतोय, मग मी लोकांना उगाच का घाबरवतो?

पेन्शनरांचं म्हणाल तर चाळीस वर्षं दुचाकी चालवून ज्याचे हातपाय शाबूत आहेत, त्याचं मी आधी ऐकेन. असो.

रेसवाल्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. त्यांचा टायर तुम्ही बघितलात, पण तो वापरायची त्यांची पद्धत बघा. ट्रॅकवर उतरण्याआधी त्या टायरांना विजेची ब्लँकेटं गुंडाळलेली असतात, रबर ऐंशी अंशांच्या आसपास तापलेलं असतं. मग प्रत्येक वळणाला कचकचून ब्रेक, गुडघा टेकेपर्यंत लीन, बाहेर पडताना थ्रॉटल; या ओढाताणीत टायरचा सांगाडा सतत दबतो, वळतो आणि त्यातून उष्णता टिकते. पाऊस आला की तीच मंडळी तो टायर काढून वेगळा, खोल खाचांचा वेट टायर चढवतात. म्हणजे ज्यांच्या नावाने तुम्ही मला दटावताय, तेसुद्धा गाडीचा प्रकार बघून टायर निवडत नाहीत. आज रस्ता किती तापलाय आणि ओला आहे की कोरडा, एवढंच बघतात. मीही तेवढंच म्हणतोय.

आता तेच रबर घेऊन जुलैत सकाळी सात वाजता पुण्याच्या चांदणी चौकातून ताम्हिणीकडे निघा. रस्ता भिजलेला, पाणी टायरची ऊब सतत काढून घेतंय, तुम्ही पन्नास-साठने चाललाय. तो टायर त्याच्या कामाच्या तापमानाला पोचणारच नाही. थंडीत खोबरेलाची बाटली कशी गोठते, तसं ते रबर होतं. लॅबमध्ये ते कितीही चिकट असेल, पण ताम्हिणीच्या वाटेवरच्या माले गावाच्या वळणावर ते चिकट नसतं. याउलट रोडसाठी बनवलेल्या टायरचं रबर कमी तापमानातही लवचीक राहील असं केलेलं असतं. त्यात सिलिका जास्त घालतात, ओल्यावर पकड मिळण्याचं मुख्य कारण ते. बऱ्याच चांगल्या टायरांत मध्ये कडक आणि कडेला मऊ असं दोन तऱ्हेचं रबर असतं. मिशेलिनच्या रोड ५ मध्ये तर टायर झिजत जाईल तशा खाचा रुंद होत जातात, म्हणजे अर्धा आटलेला टायरसुद्धा पाणी बाहेर फेकत राहतो. आपल्याकडच्या पावसात या गोष्टीची किंमत फार मोठी आहे.

अन् नुसता पाऊसच नाही. मुंबई-गोवा हायवेच्या काँक्रीटवर उन्हात सरळ रेषेत दोन-चारशे किलोमीटर हाणलं की मऊ टायर मधोमध खरवडला जातो. मधला भाग सपाट, कडा तशाच. याला आपण टायर चौकोनी झाला म्हणतो. मग वळणात गाडी झुकवताना त्या धारेवरून एकदम पडल्यासारखी वाटते. महागाचं कंपाउंड घेऊन तुम्ही त्याचा नेमका तोच भाग संपवता, ज्याला कॉर्नरिंगशी काही देणंघेणं नाही.

आता १६० चं प्रकरण. आरसी ३९० ची मागची रिम चार इंची आहे. १६०/६० चा टायर (पहिला आकडा रुंदीचा, दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के) साधारण साडेचार इंची रिम धरून आखलेला असतो. तो चार इंचीवर चढवला की दोन्ही साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंती, आत चिमटल्या जातात आणि माथा फुगून टोकदार होतो. रस्त्याला किती रबर टेकतं हे मुख्यतः वजन आणि हवा ठरवतात, साइडवॉलवरचा आकडा नाही. शिवाय व्यास बघा. १५०/६०-१७ चा साधारण ६१२ मिलिमीटर, १६०/६०-१७ चा ६२४. म्हणजे मागची बाजू सहा मिलिमीटर उचलली गेली, टायर जड झाला, चेन आणि स्विंगआर्मजवळची (मागचं चाक धरणारा दांडा) मोकळीक कमी झाली. हे सगळं कशासाठी, तर सिग्नलला मागून कुणीतरी बघावं म्हणून. गंमत म्हणजे टायर असा चिमटला की कडेचं न वापरलेलं रबर, तुम्ही ज्या चिकन स्ट्रिप्सवरून लोकांची टिंगल करता त्या, आणखी रुंद दिसतात.

(यामाहा आर१५ वाल्यांनी हसू नये. १४०/७० काढून १५०/६० टाकणारे तुमच्यातच जास्त. तिथे उलटं होतं : व्यास सोळा मिलिमीटरने घटतो, मागची बाजू आठ मिलिमीटर खाली बसते आणि गाडी वळायला आळशी होते.)

निम्म्या भावाबद्दल मात्र खरंच जपा. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, म्हणजे आणायला परवाना लागू लागला. त्यानंतर इम्पोर्टेड स्पोर्ट टायर बाजारात कधी असतात, कधी नसतात. अशा वेळी कुणी एकाएकी स्वस्तात देतो म्हणाला की आधी साइडवॉलवरचा ‘DOT’ अक्षरांचा डीओटी शिक्का शोधायचा. त्याच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. हा शिक्का बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, म्हणून टायर उलटा करून दाखवायला सांगा. मला एका दुकानात असाच चकचकीत काळा टायर दाखवला होता. बोटाने पुसला तर बोटाला पॉलिश आलं. त्याखाली, खाचेच्या तळाशी, केसासारख्या बारीक चिरा होत्या. नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस मात्र जसेच्या तसे! म्हणजे टायर न वापरलेला होता खरा, फक्त पडून पडून म्हातारा झालेला. पेन्शनर म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की पुढचा अजून चालेल, फक्त मागचा बदलतो. पुढच्यात खरोखर जीव असेल तर हरकत नाही. पण पुढे एका जातीचा आणि मागे अगदीच वेगळ्या जातीचा, किंवा एक रेडियल बांधणीचा आणि एक साध्या, असं करू नका. ओल्यात ब्रेक मारताना गाडी आणि तुमचा जीव पुढचाच टायर सांभाळतो, आणि तो झिजून गुळगुळीत गोटा झाला तरी लोक मागच्याकडेच बघत बसतात.

भारतीय टायर मी ‘मुद्दाम टाळले’ हा आरोप मात्र मान्य नाही. अपोलो अल्फा एच१ चा उल्लेख लेखात आहेच. बजेट ताणलेलं असेल तर चार-पाच वर्षं पडून राहिलेल्या परदेशी टायरपेक्षा मी ताजा अल्फा एच१ डोळे मिटून घेईन.

शेवटी तुम्ही जरा खवचटपणेच विचारलंय, की मग माझ्या गाडीला काय टाकू ते सांगा. तुम्ही स्वतःच लिहिलंय की रोज हिंजवडी, महिन्यातून एखादा घाट, आणि ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर गाडी चालवायचा दिवस) ‘करायचाय’. तर पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही एकाच कंपनीचे स्पोर्ट-टूरिंग. तुम्ही मुख्यतः घाटातच चालवता आणि पावसाळ्यात गाडी घरी उभी राहते असं असतं, तर पिरेलीचे डायब्लो रोसो म्हणालो असतो. बसवताना व्हॉल्व्ह नवे टाकून घ्या, साइडवॉलवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना बघा, आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी झोपवू नका. ट्रॅक डेची तारीख खरोखर पक्की झाली की मला लिहा. तेव्हा मऊ टायरबद्दल बोलू, आणि दुसऱ्या रिमच्या सेटबद्दलही.